चार तारखेचे मृत्यू आणि काकांचा फॉरवर्ड

आत्याच्या अँजिओग्राफीची तारीख मिळाली ती नेमकी १३. घरच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि दहा मिनिटांत काकांचं उत्तर: "दुसरा दिवस मागून घ्या. तेरा नको."

आता इंग्रजांचा तेरा अशुभ असण्याशी आमच्या घराचा काही संबंध नाही. पण मराठी घरात 'तेरावं' म्हटलं की काय आठवतं ते तुम्हाला सांगायला नको. ताट, पाट, आलेली माणसं आणि ज्याचं तेरावं तो नसणं. त्यामुळे काकांना सिनेमांतल्या फ्रायडे द थर्टीन्थची गरज नव्हती, त्यांचं घरचंच होतं. मी नेहमीप्रमाणे शहाणपणा केला. "काका, तारखेने काही होत नसतं," असं लिहिलं. त्यावर काकांनी जे पाठवलं त्याने मी गप्प झाले. एका इंग्रजी बातमीची लिंक, आणि खाली: "मी कुठे म्हणतो तारीख मारते? भीती मारते. तुमच्याच शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तू तर यातच पीएचडी करतेस ना?"

गप्प झाले, कारण तो पेपर मला चांगलाच माहीत होता. एवढंच नाही, दोन वर्षांपूर्वी एमएस्सीच्या मुलांचा एक तास घेताना त्यातले आकडे मी स्वतः स्लाइडवर दाखवले होते. 'मनाचा शरीरावर परिणाम होतो याचं सुंदर उदाहरण' असं म्हणून. तास रंगला होता. तेव्हा आजचा लेख हा थोडा परीक्षणाचा आणि थोडा परतफेडीचा आहे.

पेपर आहे डिसेंबर २००१चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. मुख्य लेखक डेव्हिड फिलिप्स, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले समाजशास्त्रज्ञ. नाव भन्नाट: 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स इफेक्ट'. शेरलॉक होम्सच्या त्या कादंबरीत सर चार्ल्स बास्करव्हिल यांच्या अंगावर एक ओरखडाही नसतो, नुसत्या भीतीने हृदय बंद पडून ते मरतात. लिहिणारे कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. फिलिप्स यांचा प्रश्न असा, की कादंबरीत होतं ते खऱ्या आयुष्यात होतं का?

प्रयोग तर करता येत नाही. माणसांना घाबरवून कोण मरतंय ते बघायला कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही. मग त्यांनी निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोग शोधला. चिनी भाषेत (मँडरिनमध्येही आणि कँटोनीजमध्येही) 'चार' आणि 'मृत्यू' या शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे, फरक फक्त सुराचा. जपानीत चारचा एक उच्चार 'शि', आणि मृत्यूही 'शि'. म्हणून तिकडे काही इमारतींत चौथा मजला नसतो, इस्पितळांत चार नंबरची खोली नसते. गोऱ्या अमेरिकन माणसाला मात्र चारचं काहीच वाटत नाही. म्हणजे दोन गट आयते मिळाले: एकाला दर महिन्याच्या ४ तारखेला (कदाचित) धास्ती, दुसऱ्याला नाही. तारीख मात्र दोघांना एकच. हवा तीच, सुट्ट्या त्याच, पगाराचा दिवस तोच.

१९७३ ते १९९८ या सव्वीस वर्षांतले अमेरिकेतले मृत्यू दाखले त्यांनी घेतले. चिनी आणि जपानी वंशाचे २,०९,९०८, आणि गोरे ४,७३,२८,७६२. महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेत एकूणच मृत्यू थोडे वाढतात, म्हणून ४ तारखेची तुलना त्यांनी पहिल्या आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांशी केली. हेही नीट विचार करून केलेलं काम.

निष्कर्ष: चिनी-जपानी अमेरिकनांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू ४ तारखेला शिखर गाठतात, गोऱ्यांमध्ये तसं काही नाही.

मांडणी देखणी आहे, हे मी आजही म्हणेन. लेखक लबाड नव्हते, आकडे खोटे नव्हते, आणि 'चार' हा आकडा त्यांनी डेटा बघून निवडलेला नव्हता, तो संस्कृतीतून आधीच ठरलेला होता. मी ते तासाला दाखवलं ते याच भुरळीने. माझी तक्रार पुढच्या भागाशी आहे.

पेपरच्या सारांशात तीन आकडे ओळीने येतात. जुनाट हृदयविकाराने (म्हणजे अचानक झटका नव्हे, जुना, रेंगाळलेला विकार) झालेले मृत्यू घेतले, तर ४ तारखेला अपेक्षेच्या १.१३ पट. त्यातले फक्त कॅलिफोर्नियातले घेतले, तर १.२७ पट. त्यातलेही फक्त इस्पितळात दाखल असलेले घेतले, तर १.४५ पट. तेरा टक्के, सत्तावीस टक्के, पंचेचाळीस टक्के. वाचताना वाटतं, जसजसं आपण खऱ्या कारणाच्या जवळ जातोय तसतसा परिणाम मोठा होतोय. बातम्यांत अर्थातच शेवटचा आकडा गेला, आणि काकांच्या लिंकमध्येही तोच होता.

आता माझ्याबरोबर जरा पाटी-पेन्सिल घ्या. प्रत्येक आकड्यासोबत पेपरात कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेला आहे, म्हणजे 'खरा आकडा साधारण या दोन टोकांच्या मध्ये असावा' अशी मर्यादा. १.१३ साठी ती १.०६ ते १.२१, १.२७ साठी १.१५ ते १.३९, आणि १.४५ साठी १.१९ ते १.८१. ही मर्यादा जितकी रुंद, तितके मृत्यू कमी मोजलेले. त्यामुळे तिच्या रुंदीवरून उलटा हिशोब करून मूळ संख्येचा अंदाज बांधता येतो. मी वहीत केला. ढोबळ आहे, पण दिशा कळते: पहिल्या पायरीवर ४ तारखेचे हजारेक मृत्यू असावेत, दुसऱ्या पायरीवर पाचशेच्या आसपास, आणि तिसऱ्या पायरीवर जेमतेम शंभर. त्या शंभरातले 'जास्तीचे' किती? तीसेक. दोन लाख दाखल्यांपासून सुरू झालेली गोष्ट तीस माणसांवर येऊन उभी राहिली.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला दोन वर्षांपूर्वी दिसायला हवी होती. पहिल्या पायरीवर, म्हणजे अख्ख्या अमेरिकेत, जास्तीचे मृत्यू साधारण एकशेवीस निघतात. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे नुसत्या कॅलिफोर्नियात, ते निघतात एकशेदहा. मग उरलेल्या अमेरिकेत काय राहिलं? माझ्या अंदाजाप्रमाणे जवळजवळ काही नाही. हवाईत जपानी वंशाची मोठी वस्ती आहे, न्यूयॉर्कचं चायनाटाऊन जुनं आहे, तिथल्या लोकांना चारची भीती नाही? कोणी म्हणेल, कॅलिफोर्नियात समाज मोठा, म्हणून रूढी टिकून आहेत. असेल. पण हे उत्तर कॅलिफोर्नियाचा आकडा बघण्याआधी दिलं असतं तर त्याला वजन होतं. नंतर दिलेलं उत्तर म्हणजे भिंतीवर बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढणं.

संशोधनात ही चूक फार माणसासारखी होते. कोणी बसून कट करत नाही. सगळा हृदयविकार घेतला, शिखर बुटकं आलं. मग वाटतं, अरे, जुनाट विकारवाल्यांवर ताणाचा परिणाम जास्त होणार, ते वेगळे काढून बघू. मग वाटतं, कॅलिफोर्निया बघू. मग इस्पितळ. प्रत्येक वळणाला कारण असतं, आणि कारण पटतंही. फक्त अडचण अशी, की उलट निकाल आला असता तर उलट कारणही तितकंच पटलं असतं. 'घरी असलेल्यांवर परिणाम जास्त, कारण इस्पितळात तारखेचं भान कोणाला असतं?' हे वाक्य वाचून बघा, वाईट वाटतं का? मला तर ते छापलेल्या वाक्यापेक्षा जास्त पटतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तुलना केल्या, आणि कुठेही काहीही खरं नसलं, तरी त्यातली निदान एक 'लक्षणीय' दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. पाच टक्क्यांच्या चाळणीचा तो स्वभावच आहे.

हीच शंका डिसेंबर २००२मध्ये त्याच नियतकालिकात छापून आली. लिहिणारे गॅरी स्मिथ, पोमोना कॉलेजमधले अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं बोट रोगांच्या वर्गवारीवर होतं. फिलिप्स यांनी याआधीही सणवार आणि मृत्यू यांच्या संबंधावर काम केलेलं होतं, तिथे हृदयविकाराची विभागणी अशी नव्हती. मग इथेच का? आणि स्मिथ नुसते शंका काढून थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या वर्षांचे आकडे घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. शिखर सापडलं नाही.

वर्गवारीचा मुद्दा तुम्हाला तांत्रिक, कोरडा वाटेल. मला नाही वाटत, कारण माझी पीएचडी याच चिखलात रुतलेली आहे. मृत्यू दाखल्यावरचं कारण हे तापमापकावरच्या आकड्यासारखं नसतं. रात्री तीन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरने जे लिहिलं ते आधी येतं, मग त्यावरून कोणीतरी कोड लावतो. ऐंशी वर्षांच्या, आधी एकदा झटका येऊन गेलेल्या, मधुमेही माणसाचं हृदय थांबलं, तर तो 'तीव्र झटका' की 'जुनाट विकार'? मी असे दाखले रोज बघते, आणि दोन डॉक्टरांचं एकमत होईलच याची खात्री देऊ शकत नाही. त्यात या सव्वीस वर्षांत अमेरिकेने रोगांची यादीच बदलली: १९७८पर्यंत आठवी आवृत्ती, १९७९पासून नववी. ज्या सीमारेषेवर सगळं शिखर उभं आहे ती सीमारेषाच अशी भुसभुशीत. तेव्हा सगळे हृदयविकार एका टोपलीत टाकून काय दिसतं, हे आधी विचारायला हवं.

चारची भीती अमेरिकेपेक्षा जिथे जास्त असायला हवी, तिथेही कोणीतरी बघायला हवं होतं, आणि बघितलं. हाँगकाँगमधल्या मृत्यूंचा अभ्यास २००३मध्ये मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात आला. त्यांनी आपली नेहमीची तारीख आणि चिनी चांद्र तिथी, दोन्ही तपासल्या. चारच्या दिवशी हृदयविकाराने जास्त माणसं मेलेली दिसली नाहीत.

इथपर्यंत सगळा संख्याशास्त्राचा वाद. पण मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट, आणि तिला गणित लागत नाही. जपानीत महिन्याच्या ४ तारखेला 'शि' म्हणतच नाहीत. 'योक्का' म्हणतात. एप्रिल महिन्याला 'शिगात्सु' म्हणतात, त्यात 'शि' आहे. तारखेत नाही. जपानी शिकणाऱ्या कोणालाही पहिल्या काही महिन्यांत हे पाठ करावं लागतं. म्हणजे चिनी माणसाच्या बाबतीत जो युक्तिवाद निदान उभा राहतो (त्यांच्या तारखेत तोच चारचा शब्द येतो), तो जपानी माणसाच्या बाबतीत अर्धा लंगडा आहे. आणि पेपरात दोघांचे आकडे मिळून एक गट.

शिवाय हे लोक होते कोण? कॅलिफोर्नियातली कितीतरी जपानी कुटुंबं शंभर वर्षांपासून तिथे आहेत. नातवंडांना आजीची भाषा येत नाही. दाखल्यावर वंश लिहिलेला असतो. भाषा नाही, श्रद्धा नाही. मरताना त्या माणसाला आज चार तारीख आहे हे ठाऊक होतं की नाही, तेही नाही. लेखकांनी भीतीचा पुरावा म्हणून कॅलिफोर्नियातल्या चिनी-जपानी हॉटेलांचे फोन नंबर तपासले होते, त्यांत चार हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी सापडला. हा भाग मला अजूनही आवडतो, हुशार आहे. पण फोन नंबर घेताना चार टाळणं आणि चार तारखेला छातीत धडकी भरणं, यात केवढं अंतर आहे! आमच्याकडे ताटात तीन पोळ्या एकदम वाढत नाहीत. माझी आई कधीच वाढत नाही. म्हणून दर महिन्याच्या ३ तारखेला तिचा रक्तदाब वाढतो असं मी लिहिलं, तर ती मला पोळ्या वाढणंच बंद करेल.

इथे एक गैरसमज नको. भीतीने, धक्क्याने हृदय बंद पडू शकतं, यात वाद नाही. १७ जानेवारी १९९४ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या काउंटीत हृदय अचानक बंद पडून रोज सरासरी ४.६ माणसं मरत असत, त्या दिवशी २४ मेली. आणि पुढचे सहा दिवस? रोजची सरासरी २.७ वर आली. म्हणजे जी हृदयं आधीच काठावर होती ती धक्क्याने आधी गेली, आणि पुढचे दिवस त्या मानाने रिकामे गेले. फिलिप्स यांच्या पेपरात शिखरानंतर अशी घट दिसत नाही. ते ती ताकद म्हणून मांडतात, की हे मृत्यू नुसते पुढे-मागे झालेले नाहीत, खरोखर जास्तीचे आहेत. मला उलट वाटतं. खऱ्या धक्क्याच्या दिवशी दिसलेली खूण इथे गायब आहे, तर आधी धक्क्याबद्दलच शंका घ्यायला हवी.

तेराबद्दलही असंच झालंय, ते थोडक्यात सांगते. १९९३मध्ये, पुन्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलच्याच नाताळच्या सुमारास, तेरा तारखेच्या शुक्रवारी अपघाताने इस्पितळात जाण्याचा धोका ५२ टक्क्यांपर्यंत वाढत असावा असा निबंध आला. मूठभर शुक्रवारांची तुलना. नाताळच्या अंकात हे नियतकालिक थट्टेचे लेख छापतं, हे उद्धृत करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. २००२मध्ये फिनलंडमधून आलं, की त्या शुक्रवारी रस्त्यावर मरण्याचा धोका पुरुषांना १.०२ पट, म्हणजे काहीच फरक नाही, पण बायकांना १.६३ पट. कारण? बायका जास्त अंधश्रद्ध आणि घाबरट. (हे कारण किती पटकन सुचतं, नाही?) दोनच वर्षांत फिनलंडमधल्याच दोन संशोधकांनी जखमी होण्याच्या अपघातांची नोंद तपासली. त्यांच्या पेपरचं शीर्षकच सांगतं: तेरा तारखेच्या शुक्रवारी बायकांचे अपघात जास्त होत नाहीत. यातला कुठला पेपर आजही बातम्यांत फिरतो, ते शोधून बघा.

तर काकांना काय लिहायचं? दोन दिवस मी ते टाइप करून खोडत होते. 'तो पेपर चुकीचा आहे' असं सरळ लिहिणं सोपं होतं, पण खरं सांगायचं तर पेपर चुकीचा आहे असं सिद्ध झालेलं नाही. त्यात जे दिसलं ते पुन्हा शोधल्यावर सापडलं नाही, एवढंच. आणि भीतीने काहीच होत नाही असं म्हणणं तर खोटंच ठरलं असतं. शेवटी फोन केला. म्हटलं, "काका, भीतीने त्रास होतो हे मान्य. पण तेराला घाबरलंय कोण? तुम्ही की आत्या?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "तिला काय विचारायचं, ती म्हणेल तुम्ही म्हणाल तसं."

कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. ग्रुपवर आम्ही सात जण तिच्या भीतीबद्दल बोलत होतो, आणि तिच्याकडे स्मार्टफोन नाही. संध्याकाळी तिच्याकडे गेले. तारीख पुढे ढकलली तर पुढचा नंबर तीन आठवड्यांनी लागणार होता, तेही सांगितलं. आत्या म्हणाली, "तेरा काय नि चौदा काय. मला एवढंच सांग, सकाळपासून उपाशी ठेवणार म्हणतात, माझी साखर उतरली तर? मागच्या वेळी रांगेत चक्कर आली होती. त्याचीच धडकी भरलीये मला."

डॉक्टरांना विचारून तिचा नंबर सकाळी पहिला लावून घेतला, इन्सुलिनचं काय करायचं ते कागदावर लिहून आणलं. तेरा तारखेलाच झालं सगळं. काका पहाटे साडेपाचला तिथे हजर, खिशात अंगारा. त्यांनी तो लावला, आत्याने लावू दिला.

आणि त्या एमएस्सीच्या मुलांना मी मेल केली. दोन वर्षांपूर्वीची स्लाइड, वर दिलेला उलटा हिशोब, आणि स्मिथ यांच्या लेखाची लिंक. एकीचं उत्तर आलं, की ती स्लाइड तिने आता तिच्या मुलांना शिकवताना वापरली आहे. तिच्याही मुलांना मेल करायला सांगितलंय.